सिस्टिक फायब्रोसिस, लग्न आणि मुलाचा प्रश्न

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे, मूळचा सातारा जिल्ह्यातला, सध्या पुण्यात नोकरी करतो. लहानपणी मला दमा असल्याचे सांगितले जाई. पुढे क्षयाची औषधेही नऊ महिने दिली गेली. एकविसाव्या वर्षी घामाची आणि जनुकांची तपासणी होऊन सिस्टिक फायब्रोसिस या, शरीरातले स्राव घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. सध्या जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल, रोज नेब्युलायझर आणि छातीची फिजिओथेरपी चालू आहे. तब्येत बरी आहे. घरात माझ्या लग्नाचे बोलणे सुरू झाले असून आईच्या मनात मामाची मुलगी आहे. कोणालाही न सांगता मी वीर्याची तपासणी करून घेतली. अहवालात वीर्य ०.६ मिलिलिटर आणि शुक्राणू ‘निल’ असे आले. जाहिरात पाहून एका ‘गुप्तरोगतज्ज्ञा’कडून भस्म आणि चूर्ण आणले आहे, ते घेतो आहे. माझे पुरुषत्व गेले आहे का? हे क्षयाच्या औषधांमुळे झाले का? मला मूल होईल का? आणि मुलीकडच्यांना हे सांगावेच लागेल का? — एक वाचक

उत्तर : तुमचे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तरी पहिल्याचे उत्तर आधी आणि स्पष्ट शब्दांत देते, कारण पुढचे वाचण्याइतके मन त्यानंतरच थाऱ्यावर येईल. तुमचे पुरुषत्व कुठेही गेलेले नाही. लैंगिक इच्छा, ताठरता, वीर्यपतन आणि त्यातले सुख हे सारे मेंदू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक यांच्यावर अवलंबून असते. वीर्यात शुक्राणू आहेत की नाहीत, याचा त्याच्याशी संबंध नसतो. टेस्टोस्टेरॉन वृषणात तयार होते हे खरे, पण ते थेट रक्तात मिसळते, त्याला नळीची गरज लागत नाही. नसबंदी करून घेतलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू नसतात आणि त्याचा संसार नेहमीसारखाच चालतो. तुमची अवस्था त्याच्यासारखीच आहे. फरक इतकाच, की तुमची नसबंदी तुम्ही आईच्या पोटात असतानाच झाली.

हे कसे घडते ते सांगते, म्हणजे क्षयाच्या औषधांवरचा संशयही फिटेल. सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. ते १९८९ साली शोधले गेले. पेशींच्या पृष्ठभागावरून क्लोराइडची आणि त्याबरोबर पाण्याची ये-जा सांभाळणारे प्रथिन या जनुकावरून बनते. ते बिघडले की फुप्फुसात, स्वादुपिंडात, आतड्यात आणि यकृताच्या नलिकांत स्राव घट्ट होतात, आणि नेमके हेच गर्भातल्या मुलाच्या शुक्रवाहिन्यांत होते. वृषणामागच्या अधिवृषणातून शुक्राणूंना पुढे नेणाऱ्या या दोन बारीक नळ्या गर्भावस्थेतच झिजून नाहीशा होतात किंवा नीट घडतच नाहीत. हा आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव पुरुषांत हे आढळते. तेव्हा जन्मानंतर घेतलेल्या कोणत्याही औषधाला, तापाला किंवा किशोरवयातल्या सवयींना याचा दोष देता येत नाही. चुकीचे निदान होऊन तुम्ही नऊ महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या, हे वाईटच झाले, आणि आपल्याकडे या आजाराच्या अनेक रुग्णांच्या वाट्याला ते येते. पण हा अहवाल त्या गोळ्यांमुळे आलेला नाही.

तुमच्या अहवालातला ०.६ मिलिलिटर हा आकडाही याच चित्रात बसतो. वीर्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग शुक्राशय नावाच्या दोन ग्रंथींतून येतो, आणि शुक्रवाहिन्यांबरोबर याही ग्रंथी बहुधा नसतात किंवा खुरटलेल्या असतात. उरतो तो मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव. तो प्रमाणाने थोडा आणि आम्लधर्मी असतो, शिवाय शुक्राशयातून येणारी फ्रुक्टोज ही साखर त्यात नसते. अहवालात आम्लता आणि फ्रुक्टोज यांच्या नोंदी असतील तर त्या पाहा, सामू (पीएच) ७.२ पेक्षा कमी आणि फ्रुक्टोज शून्य असेल, तर चित्र जवळजवळ पूर्ण झाले. तरीही एका अहवालावर थांबू नका. दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळून तपासणी पुन्हा करा, आणि या वेळी नमुना सेंट्रिफ्यूज करून तळाशी बसलेला गाळ तपासायला सांगा. हा आजार असूनही ज्यांच्या वीर्यात शुक्राणू सापडतात असे थोडे पुरुष असतात, विशेषतः जनुकातला बिघाड काही सौम्य प्रकारचा असेल तर. म्हणून ‘आजार आहे म्हणजे शुक्राणू नसणारच’ असे गृहीत धरून कोणी गर्भनिरोधक सोडू नये. शुक्रवाहिनी आहे की नाही हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. अनुभवी युरोलॉजिस्ट वृषणकोश बोटांनी चाचपून ते दोन मिनिटांत सांगू शकतात, कारण ही नळी असली की ताठ दोरीसारखी हाताला लागते.

आता त्या चूर्णाबद्दल. नळीच नसताना शुक्राणू ‘वाढवणारे’ कोणतेही औषध वीर्यात शुक्राणू आणू शकत नाही, मग ते भस्म असो की परदेशी गोळी. तुमच्या वृषणात शुक्राणू बहुधा नेहमीसारखे तयार होतच आहेत. बाहेर पडायला वाट नसल्याने शरीर ते शोषून घेते, आणि त्याने कसलाही अपाय होत नाही. अपाय व्हायचा तो भस्मानेच होईल. या आजारात यकृत आधीच नाजूक असू शकते, आणि शिसे किंवा पारा असलेली भस्मे अशा यकृताला आणि मूत्रपिंडांना परवडत नाहीत. ती आजच थांबवा आणि पुडी छातीच्या डॉक्टरांना दाखवून पुढच्या रक्ततपासणीत यकृताच्या चाचण्या करून घ्या. याहूनही गंभीर सावधगिरीची गोष्ट म्हणजे ‘ताकदीची’ इंजेक्शने. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदूकडून वृषणाला जाणारे संदेश थंडावतात आणि शुक्राणू तयार होणेच मंदावते किंवा थांबते. म्हणजे तुमच्याकडे जे शाबूत आहे तेच हातचे जाते. या आजारात वजन कमी राहिल्याने पौगंडावस्था एखाद-दोन वर्षे उशिरा येणे आणि मोठेपणी काहींचे टेस्टोस्टेरॉन कमी असणे, हे दोन्ही दिसते. थकवा, इच्छा कमी होणे किंवा हाडे ठिसूळ होणे अशी लक्षणे असतील तर सकाळच्या वेळी रक्त देऊन ते तपासावे. पण उपचार ठरवताना ‘मला पुढे मूल हवे आहे’ हे एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञांना, आधी सांगावे.

मूल होईल का, याचे उत्तर ‘हो, शक्यता चांगली आहे’ असे आहे. मात्र ते नैसर्गिक संबंधातून होणार नाही. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सी या तंत्राने झालेल्या पहिल्या गर्भधारणा नोंदवल्या. त्यात एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट स्त्रीबीजात सोडला जातो. त्यापूर्वी तुमच्यासारख्या पुरुषापुढे दत्तक घेणे किंवा दात्याचे वीर्य वापरणे जवळजवळ एवढेच मार्ग होते. आता अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने शुक्राणू काढतात. बहुतेकदा हे जागा बधिर करून होते, पूर्ण भूल द्यावी लागत नाही, आणि फुप्फुसाच्या रुग्णाला ही गोष्ट मोलाची असते. एका वेळी काढलेले शुक्राणू गोठवून पुढच्या अनेक प्रयत्नांसाठी ठेवता येतात. शुक्राणूंची निर्मिती शाबूत असल्यामुळे ते मिळण्याची शक्यता तुमच्यासारख्या पुरुषांत बरीच चांगली असते. पुढचे यश मुख्यतः पत्नीच्या वयावर अवलंबून असते.

इथे मला तुमचे लक्ष अशा एका गोष्टीकडे वेधायचे आहे जी पुरुष बहुधा विचारतच नाहीत. तुमच्या वाट्याला एक सुई आणि एक-दोन दिवसांचे दुखणे येईल. बाकी सारे पत्नीच्या शरीरावर होणार आहे. रोजची संप्रेरकांची इंजेक्शने, वारंवार सोनोग्राफी, भूल देऊन बीजे काढणे, अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका, गर्भ रोपण केल्यानंतरची धाकधूक, आणि प्रयत्न फसला तर हे सारे पुन्हा, हे सोसायचे आहे ती स्वतः निरोगी असणाऱ्या बाईला, केवळ तुमच्याशी लग्न केले म्हणून. शिवाय एका आवर्तनाचा खर्च लाखाच्या घरात जातो. तुमच्या चौथ्या प्रश्नाचे माझे उत्तर याच जागेवरून निघते, पण त्याआधी जनुकांचा आणि मामाच्या मुलीचा हिशेब मांडायला हवा.

हा आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. तुमच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. एक आईकडून आली, एक वडिलांकडून. ते दोघेही वाहक आहेत, म्हणजे त्यांची एकच प्रत बिघडलेली आहे, आणि दोघेही निरोगी आहेत. आईने या बाबतीत स्वतःला दोष देऊ नये, वडिलांचा वाटा अगदी तेवढाच आहे. तुमच्या प्रत्येक मुलाला तुमच्याकडून एक बिघडलेली प्रत मिळणारच, म्हणजे ते किमान वाहक असेल. पत्नी वाहक नसेल तर मूल आजारी होणार नाही. पत्नी वाहक असेल तर प्रत्येक गर्भाच्या बाबतीत ही शक्यता थेट पन्नास टक्के.

आता मामा. आईकडची बिघडलेली प्रत तिला तुमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून आली, म्हणून मामाही वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याची मुलगी वाहक असण्याची शक्यता त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. ती तपासणीशिवाय सून होऊन घरी आली तर तुमचे मूल आजारी असण्याची शक्यता आठात एक होते. तुलनेसाठी, युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार पुष्कळ आढळतो आणि तिथे साधारण पंचविसात एक माणूस वाहक असतो. तो आकडा धरला तरी नात्याबाहेरच्या मुलीशी लग्न केल्यावर ही शक्यता पन्नासात एक इतकीच राहते. आठात एक ही शक्यता मी कोणालाही डोळे झाकून पत्करायला सांगणार नाही. आईला हे सांगताना ‘तुझ्या माहेरचे रक्त वाईट’ असा सूर लागू देऊ नका. दोन भावंडांत एक जनुक वाटले गेले असेल, एवढेच याचे म्हणणे आहे. तुम्हाला निरोगी बहीण असेल तर तीही वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे, आणि आपल्याकडे आतेभाऊ-मामेबहीण अशी लग्ने ठरतात म्हणून ही माहिती तिलाही वेळेवर मिळायला हवी.

मामाच्या मुलीच्या बाजूने एक गोष्ट सोयीची आहे. तुमच्या दोन बिघाडांपैकी आईकडचा कोणता, हे कळले की तिच्या रक्तात नेमका तोच शोधता येतो, आणि त्या बिघाडापुरते उत्तर हो किंवा नाही असे सरळ मिळते. परक्या मुलीच्या बाबतीत मात्र स्वस्तातल्या तयार चाचण्यांवर विसंबू नका. त्या युरोपातल्या नेहमीच्या बिघाडांसाठी बनवलेल्या असतात, आणि भारतीय कुटुंबांत इतरही बरेच बिघाड सापडतात. संपूर्ण जनुकाचे वाचन करणारी, त्यातले गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडेही शोधणारी तपासणी मागा, आणि तीही जनुकीय समुपदेशकाकडून समजून घेऊन. पत्नी वाहक निघाली म्हणून सारे संपत नाही. इक्सी करायचेच असते, तेव्हा गर्भ रोपण करण्यापूर्वी त्यातल्या पेशी तपासून आजारी नसलेला गर्भ निवडता येतो. गर्भलिंगनिदानबंदी कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रात जनुकीय आजारासाठी अशी तपासणी करण्यास परवानगी आहे, लिंग जाणण्यासाठी मात्र नाही. दात्याचे वीर्य हाही मार्ग आहे आणि पत्नीच्या शरीराला तो बराच सोपा पडतो. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार असे मूल कायद्याने त्या दांपत्याचेच असते. दत्तक घेण्याचा मार्ग तर खुला आहेच. यातला कोणता कमी प्रतीचा आहे असे मला वाटत नाही.

यावरून सांगण्याचा प्रश्न सुटतोच. होय, सांगावे लागेल, आणि सुपारी फुटण्याआधी. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर नपुंसकत्व आणि वंध्यत्व या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि केवळ मूल होत नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्वतःविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल तर त्या कारणाने विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. मला मात्र कायद्यापेक्षा मघाचे कारण मोठे वाटते. ज्या उपचारांचा भार तिच्यावर पडणार आहे आणि ज्या आजाराची रोजची देखभाल ती पाहणार आहे, त्याची कल्पना तिला होकार देण्याआधी असायला हवी. कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीत, दहा नातेवाइकांसमोर हे काढू नका. बोलणे पुढे जाते आहे असे दिसले की मुलीला एकटीला भेटा आणि आजार कोणता, रोज काय करावे लागते, शुक्राणू का नाहीत, मुलासाठी काय करावे लागेल, हे साध्या शब्दांत सांगा. हवे तर माझ्या डॉक्टरांना भेट, असे म्हणा. तिच्या आईवडिलांना काय आणि कधी सांगायचे हे तिच्याशी बोलून ठरवा. मामाच्या मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचे आहे, कारण घरातल्या घरात ठरलेल्या लग्नात मुलीला नकार देणे अवघड जाते. तिची तपासणी तिच्या इच्छेने व्हावी आणि अहवाल आधी तिच्या हातात पडावा, मामाच्या किंवा आईच्या नव्हे.

लग्नानंतरच्या शरीरसंबंधाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे सांगते. हा आजार चुंबनाने किंवा संबंधाने पसरत नाही, आणि तुमच्या फुप्फुसातले स्यूडोमोनाससारखे जंतू निरोगी जोडीदाराला सहसा त्रास देत नाहीत. ते धोक्याचे असतात ते सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या दुसऱ्या रुग्णाला. संबंधाच्या वेळी दम लागतो, खोकल्याची उबळ येते, आणि त्याची लाज वाटून अनेक पुरुष जवळीकच टाळू लागतात. त्यापेक्षा नेब्युलायझर आणि फिजिओथेरपी आधी उरकून घ्यावी, भरल्या पोटी संबंध टाळावा, छातीवर भार येणार नाही अशी स्थिती निवडावी आणि मध्येच थांबावे लागले तर थांबावे. पत्नीला हे आधी ठाऊक असेल तर यात अवघडण्यासारखे काही उरत नाही. ताठरतेची अडचण कधी आली तर शुक्राणूंच्या अहवालाला दोष देण्याआधी रक्तातील साखर, टेस्टोस्टेरॉन आणि मनाची उदासी तपासावी. या आजारात मधुमेह पुष्कळांना होतो. सिल्डेनाफिलसारखी गोळी दुकानातून परस्पर आणू नका, कारण बुरशीवरच्या इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल या औषधांबरोबर तिचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढू शकते. शिवाय शुक्राणू नसले तरी एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी आणि सिफिलिस यांपासून संरक्षण कंडोमच देतो.

एलेक्साकॅफ्टर, तेझाकॅफ्टर आणि आयव्हाकॅफ्टर या तिहेरी औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, आणि ज्यांच्या जनुकीय बिघाडावर ते लागू पडते त्यांच्या श्वासात आणि वजनात त्याने मोठा फरक घडवला आहे. पण जी नळी जन्मतःच नाही ती त्याने नव्याने तयार होत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फेरेट या प्राण्याच्या गाभण मादीला आयव्हाकॅफ्टर दिल्यावर पिल्लांच्या शुक्रवाहिन्या वाचल्या होत्या. जन्मलेल्या माणसाला त्याचा आज उपयोग नाही.

वेळेचे मात्र भान ठेवा. शुक्राणू काढण्याची छोटी शस्त्रक्रिया फुप्फुसे स्थिर असताना आणि वजन चांगले असतानाच सोयीची असते. पुढे कधी फुप्फुस प्रत्यारोपणाची वेळ आली, तर त्यानंतरच्या सिरोलिमससारख्या औषधांनी शुक्राणूंची निर्मिती घटू शकते, म्हणून त्याआधी ते गोठवून ठेवणे शहाणपणाचे ठरते. आज ती घाई नाही. आधी युरोलॉजिस्टची तपासणी आणि वीर्याचा दुसरा अहवाल होऊ द्या, आणि एकविसाव्या वर्षीचा तो जनुकीय अहवाल फाइलमधून शोधून काढा. तुमचे दोन बिघाड कोणते, हे त्यात नावानिशी लिहिलेले असेल. मामाच्या मुलीची असो की आणखी कोणाची, पुढची प्रत्येक तपासणी त्याच कागदावरून सुरू होईल.